‘शिअर’, ‘कातर’ आणि व्युत्पत्तीचा पुरावा

मेंढीच्या अंगावरील लोकर कातरून काढण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘शिअर’ असे म्हणतात. हा शब्द मराठीच्या एखाद्या वर्गात फळ्यावर लिहिला आणि त्याचा मराठीतील आप्त कोणता असे विचारले, तर ‘चिरणे’ हे उत्तर सहज सुचते. कोणास ‘सुरी’ आठवेल. दोन्ही उत्तरे कानाला पटण्याजोगी आहेत. श, च आणि स हे वर्ण ऐकावयास जवळचे, ‘र’ सर्वत्र कायम, आणि अर्थही कापण्याशीच निगडित. तरीही दोन्ही उत्तरांना पुराव्याचा आधार नाही. ‘शिअर’चा मराठीतील खरा आप्त ‘कातर’ हा आहे आणि त्याचा ‘शिअर’शी ध्वनिसाम्य म्हणावे असा एक ‘र’ सोडल्यास काहीही संबंध दिसत नाही. हा ‘र’देखील दोन्ही शब्दांत एकाच ठिकाणचा नाही, हे पुढे दिसून येईल.

ही केवळ एक गंमत असती तर तिच्यासाठी एवढी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु मराठीच्या अभ्यासात व्युत्पत्तीचा उपयोग ज्या रीतीने केला जातो, ती रीत या साध्या उदाहरणाने उघडी पडते. ग्रामनामे, कुलनामे, दैवतनामे, जातिनामे यांविषयीच्या प्रबंधांतून आणि लेखांतून शब्दांची सांगड ध्वनिसाम्यावर घातली जाते आणि त्या सांगडीवर इतिहासाचे इमले उभे राहतात. एखादी जमात कोठून आली, एखादे दैवत मूळचे कोणाचे, अशा गंभीर प्रश्नांचा निकाल दोन शब्दांतील एका समान अक्षरावर लावला जातो. व्युत्पत्ती हा तेथे पुरावा म्हणून पुढे केला जातो. पुराव्याची कसोटी मात्र तिला लावली जात नाही.

‘शिअर’चा इतिहास अनेक शब्दांपेक्षा स्वच्छ आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘स्केरान्’ असे होते. लेखनात आढळणाऱ्या त्यातील ‘स्क’चा उच्चार त्या काळातच ‘श’कडे वळला. जर्मन व डच भाषांतील ‘शेरेन’ आणि ‘स्खेरेन’, तसेच प्राचीन नॉर्समधील ‘स्केरा’ ही त्याची सख्खी भावंडे होत. ग्रीकमध्ये ‘केइरो’ म्हणजे केस कापणे, भादरणे. लॅटिनमध्ये ‘कुर्तुस’ म्हणजे आखूड केलेला, आणि ‘कारो’ म्हणजे मांस, मूळ अर्थाने कापून काढलेला तुकडा. लिथुएनियनमधील ‘स्किर्ती’ म्हणजे वेगळे करणे. या सर्वांच्या तुलनेतून भाषाशास्त्रज्ञांनी ‘*स्केर्’ हा भारत-युरोपीय धातू पुनर्रचित केला आहे. आरंभीची तारका हे रूप कोणत्याही लेखात आढळलेले नसून अनुमानाने सिद्ध केलेले आहे, हे दर्शविते. या लहानशा खुणेतील नम्रता मराठी व्युत्पत्तिलेखनात अभावानेच आढळते.

‘शिअर’ची काळदर्शक रूपेही पाहण्यासारखी आहेत. वर्तमानी ‘शिअर’, जुन्या भूतकाळी ‘शोअर’ आणि धातुसाधित ‘शॉर्न’ असा स्वरांचा पालट त्यात होतो. ‘बेअर’, ‘बोअर’, ‘बॉर्न’ यांतही तोच आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने ही रूपे अनियमित म्हणून पाठ करावयास लावली असली, तरी संस्कृत शिकलेल्यास ती परकी वाटण्याचे कारण नाही. ‘भरति’, ‘बभार’, ‘भृत’ यांतील स्वरांची चढउतार आणि ही चढउतार मुळात एकच आहे. वैयाकरणांनी गुण आणि वृद्धी या संज्ञांनी जी व्यवस्था वर्णिली, तिचेच अवशेष इंग्रजीच्या तथाकथित अनियमित क्रियापदांत शिल्लक आहेत. आज ‘शिअर्ड’ असे नियमित रूप रूढ झाले असले तरी ‘शॉर्न’ विशेषण म्हणून टिकून आहे.

आता ‘कातर’. संस्कृतात छेदनार्थी ‘कृत्’ धातू आहे. ‘कृन्तति’ म्हणजे कापतो. त्यापासून ‘कर्तन’ आणि ‘कर्तरी’. प्राकृतात ‘कर्तरी’चे ‘कत्तरी’ झाले, आणि मराठीत जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर दीर्घ झाला: कातर, कात्री. हा बदल एकट्या शब्दापुरता नाही. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. कर्ण, कण्ण, कान. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाची जी मांडणी केली, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये जी मराठीत आणली, तिचे मर्म हेच आहे की ध्वनी बदलतो तो शब्दाशब्दाला वेगळा न्याय लावून नव्हे. सारख्या परिस्थितीत तो सारखाच बदलतो. ‘कातर’मधील ‘त’ हा असा ‘र्त’चा वंशज आहे. ‘शिअर’मधील ‘र’ ज्या मूळ ‘र्’पासून आला, तो ‘कातर’मध्ये ‘त’च्या पोटात गडप झाला आहे, ‘कातर’मध्ये ऐकू येणारा ‘र’ पुढच्या प्रत्ययाचा. दोन शब्दांतील जे एकमेव अक्षर सारखे वाटत होते, तेही अशा रीतीने हातचे जाते. आणि तरीही नाते पक्के राहते, कारण ते अक्षरांच्या सारखेपणावर उभे नसून बदलांच्या नियमितपणावर उभे आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. ‘*स्केर्’मध्ये आरंभी सकार आहे, ‘कृत्’मध्ये नाही. मग हे नाते कसे मानावयाचे? भारत-युरोपीय धातूंच्या एका गटात आरंभीचा सकार कधी येतो, कधी येत नाही. संस्कृतातच ‘पश्यति’ आणि ‘स्पश’ म्हणजे हेर, ‘तारा’ आणि वेदातील ‘स्तृ’ ही उदाहरणे आहेत; इंग्रजी ‘स्टार’ने सकार राखला, आपल्या ‘तारा’ने टाकला. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात ‘उप’ या उपसर्गानंतर ‘किरति’ या धातूस सुट् म्हणजे सकाराचा आगम सांगितला आहे, आणि तो केवळ कापण्याच्या अर्थी. पिके कापण्याविषयीची उदाहरणे टीकाकारांनी तेथे दिली आहेत. पाणिनीला तुलनात्मक भाषाशास्त्र ज्ञात नव्हते, तसा दावा करणे हास्यास्पद ठरेल. परंतु कापण्याच्या अर्थी आणि त्याच अर्थी सकार उपटतो, ही नोंद त्याच्या सूक्ष्म निरीक्षणाची साक्ष देते. तुलनात्मक व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे थबकावेसे वाटले तर नवल नाही.

हा सकार ‘शिअर’च्या बाबतीत निर्णायक ठरला. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ह’ होतो. संस्कृत ‘कः’ आणि इंग्रजी ‘हू’ ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र आधी सकार असेल तर ‘क’ बचावतो. म्हणून ‘*स्केर्’चा ‘हेर’ झाला नाही, ‘स्केर’च राहिला, आणि पुढे इंग्रजीत ‘स्क’चा ‘श’ झाला. ‘शिअर’मधला ‘श’ हा असा इंग्रजीच्या अंगणात घडलेला, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा बदल आहे. त्याची संस्कृत वा मराठीतील ‘च’शी किंवा ‘स’शी तुलना करणे म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून शेजारच्या घरातील आजोबा ठरविण्यासारखे आहे. ‘सुरी’ तर उघडच निराळ्या कुळातील. तिचे मूळ ‘क्षुर’, आणि ‘क्षुर’चा ग्रीक जुळा भाऊ ‘क्सुरोन’, म्हणजे वस्तरा. ‘चिरणे’ हा ‘चीर’ या नामाशी जोडलेला शब्द. त्यातील दीर्घ ‘ई’ ‘कृत्’च्या कोणत्याही स्वरावस्थेतून निघत नाही.

उलट ‘चर्म’ या शब्दाची गोष्ट पाहावी. तेथे ‘च’ आहे, म्हणून तो ‘कर्तरी’शी संबंधित नसावा असे वरवर वाटते. परंतु संस्कृतात मूळ ‘ए’सारख्या स्वरापूर्वी ‘क’चा ‘च’ होतो. ‘चकार’ या एकाच रूपात पहिल्या अक्षरी ‘च’ आणि दुसऱ्या अक्षरी ‘क’ दिसतो तो यामुळेच. त्या नियमाने ‘चर्म’, म्हणजे कापून सोलून काढलेले, हे ‘*स्केर्’ च्याच सकारविरहित रूपापर्यंत नेता येते, आणि बहुतेक कोशकारांनी तसे नेले आहे. म्हणजे ‘शिअर’ आणि ‘चिरणे’ यांतील साम्य निरुपयोगी, तर ‘शिअर’ आणि ‘चाम’ यांतील फरक बोलका. अनुभवी शिक्षकालाही ही गोष्ट पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या गळी उतरविणे अवघड जाते.

लोकरीच्याच क्षेत्रात आणखी दोन-तीन उदाहरणे अशी आहेत की, त्यांवर एक अख्खी तासिका खर्च करावी. मेंढी, लोकर आणि कातरणे या तिन्हींचे प्राचीन शब्द इंग्रजी आणि संस्कृत यांत समान आहेत. मेंढीस संस्कृतात ‘अवि’, इंग्रजीत मादीस ‘यू’. लोकरीस ‘ऊर्णा’, इंग्रजीत ‘वुल’. ‘ऊर्णा’ आणि ‘वुल’ यांत एकही अक्षर जुळत नाही, पण त्यांच्या नात्याविषयी भाषाशास्त्रात दुमत नाही. या शब्दांच्या साक्षीने मूळ भाषकांच्या मेंढपाळीचे चित्र रेखाटण्याचा मोह एकोणिसाव्या शतकातील पंडितांना अनावर झाला. ऑगस्ट श्लायखर यांनी १८६८ मध्ये पुनर्रचित भाषेत एक चिमुकली कथाच रचली. तिची नायिका लोकर नसलेली मेंढी आहे!

हिंदीत ‘ऊर्णा’चे ‘ऊन’ झाले. मराठीत ‘ऊन’ आहे, पण ते ‘उष्ण’पासून आलेले, आकाशातून पडणारे. हिंदी शिकणाऱ्या मराठी मुलाला हा घोटाळा ठाऊक असतो. मुलाला जे कळते ते व्युत्पत्तिकाराच्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

याहून नाजूक उदाहरण ‘कातरणे’ आणि ‘कातणे’ यांचे. दख्खनी मेंढीची लोकर कातरावयाची, पिंजावयाची, मग तिचे सूत कातावयाचे आणि सनगराने घोंगडी विणावयाची, हा क्रम महाराष्ट्रातील धनगरवाड्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ‘कातरणे’ आणि ‘कातणे’ एकामागून एक येतात, ध्वनीने जवळ आहेत, लोकरीशीच निगडित आहेत. एका धातूपासून दोन्ही निघाले असे म्हणावयास कोणाचीही जीभ धजेल. परंतु धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा आला आहे. एक छेदनाच्या अर्थी, तुदादि गणातील, ‘कृन्तति’; दुसरा वेष्टनाच्या अर्थी, रुधादि गणातील, ‘कृणत्ति’. ‘कातर’ पहिल्याची लेक, ‘कातणे’ दुसऱ्याचे. आणि युरोपीय भाषांनीही हा भेद पाळला आहे. दुसऱ्या, गुंफण्याच्या अर्थाच्या धातूपासून लॅटिनमध्ये ‘क्रातिस’, म्हणजे काटक्यांची विणलेली ताटी, आणि इंग्रजीत ‘हर्डल’ हा शब्द आला. येथे आधी सकार नसल्यामुळे ग्रिम यांच्या नियमाने ‘क’चा ‘ह’ झाला आहे, हे ध्यानात घ्यावे. शर्यतीत ओलांडावयाचा अडथळा हा ‘हर्डल’चा आजचा अर्थ, जुना अर्थ, मेंढ्या कोंडण्यासाठी उभारावयाची काटक्यांची विणलेली ताटी. कातरणारा ‘शिअर’ आणि कोंडणारा ‘हर्डल’ हे इंग्रज मेंढपाळाच्या वाड्यात शेजारी राहिले, आणि आपल्याकडे कातर आणि चाते शेजारी राहिले. दोन्हीकडे शेजार आहे, सोयरीक नाही.

समानोच्चारी शब्दांचा सापळा तर दोन्ही भाषांनी अगदी सारखाच लावून ठेवला आहे. इंग्रजीत ‘शिअर’ याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे. त्याचे लेखन निराळे, अर्थ निर्भेळ, शुद्ध, पुढे पारदर्शक इतके तलम. तो प्राचीन इंग्रजीतील ‘तेजस्वी’ या अर्थाच्या शब्दाच्या वंशातील, कातरण्याशी त्याचा संबंध नाही. मराठीत ‘कातर’ नाम आणि ‘कातर’ विशेषण. ‘कातर स्वर’ मधील विशेषण संस्कृत ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ, यावरून जसेच्या तसे आलेले. ‘कातरवेळ’ या सुंदर शब्दात दिवस आणि रात्र यांच्या दोन पात्यांची कात्री पाहणारा रसिक भेटतो, आणि त्याच्या कल्पनेला दाद द्यावीशीही वाटते. ती दाद कवितेत द्यावी. कोशात ‘कातरवेळ’ जीव व्याकूळ करणारी वेळ आहे. तिसरे उदाहरण व्याकरणाच्या शिक्षकांनी विसरू नये: ‘कर्तरी प्रयोग’. तो ‘कर्तृ’ शब्दाच्या सप्तमीवरून आलेला, त्यात कोणाची कातरणी होत नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धातील सेनापती शर्मन याचे आडनावही या यादीत घालण्याजोगे. ‘शर्मन्’ या संस्कृत नामाचा अर्थ आश्रय, सुख. ‘शर्मा’ हे उपनाम सर्वपरिचित. ध्वनिसाम्यवाद्याला याहून अधिक काय हवे! प्रत्यक्षात ते ‘शिअर-मन’, लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या कारागिराचे व्यवसायनाम आहे. हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण सगळ्या युरोपीय शब्दांचे मूळ संस्कृतात शोधणारे लेखन आजही उत्साहाने चालू आहे आणि ते राष्ट्राभिमानाचे कार्य समजले जाते. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास जे प्रतिपादन केले, त्यातही संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एका समान मुळात कल्पिला होता, संस्कृतात नव्हे. ‘शिअर’ हा ‘कर्तरी’चा अपभ्रंश नाही. दोघी बहिणी आहेत, आणि बहिणीला लेक म्हणण्याने घराण्याचा मान वाढत नाही.

मराठीत या कामाची परंपरा नाही असे नाही. वि. का. राजवाडे यांचा ‘मराठी धातुकोश’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला, कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ मध्ये. राजवाड्यांची झेप दांडगी होती; परंतु प्रतिभेच्या झेपेत मधल्या पायऱ्या गळतात, आणि त्यांच्या अनुयायांनी पायऱ्या गाळण्याचीच परंपरा उचलली. कुलकर्णी अधिक सावध आहेत. रा. लि. टर्नर यांच्या १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशाने मराठी शब्दाच्या शेजारी सिंधी, गुजराती, बंगाली, सिंहली अशी भावंडे उभी केली, आणि मराठी शब्दाचा एकट्याने विचार करण्याची सबब त्या दिवसापासून संपली. पदव्युत्तर विद्यार्थ्याने कोणतीही व्युत्पत्ती मांडण्यापूर्वी दोन गोष्टी दाखवाव्यात अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही: मधली रूपे, आणि तोच बदल झालेले आणखी दोन शब्द. ती दाखविता येत नसतील तर व्युत्पत्ती तर्क म्हणून सांगावी आणि तिच्यावर इतिहास रचू नये.

इतका काटेकोरपणा राखला तर विषय नीरस होईल, अशी भीती काही शिक्षक बोलून दाखवितात. वस्तुस्थिती उलट आहे. ध्वनिसाम्याने जी नाती जुळतात ती अपेक्षित असतात. नियमाने जुळणारी नाती चकित करतात. ‘*स्केर्’च्या कुळातील किती शब्द मराठी माणूस रोज वापरतो हे पाहावे. प्राचीन इंग्रजीतील ‘शेअर’ म्हणजे कापून केलेला वाटा. मुंबईच्या शेअर बाजारातील ‘शेअर’ तोच. ‘शर्ट’ म्हणजे आखूड कापलेले वस्त्र, ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड. ‘स्कर्ट’ हा शब्द ‘शर्ट’चाच नॉर्स जुळा. नवव्या शतकापासून इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी तो आणला आणि त्यांच्या भाषेत ‘स्क’चा ‘श’ न झाल्यामुळे तो वेगळा राहिला. आपल्याकडे ‘क्षण’ आणि ‘सण’ हे एकाच शब्दाचे दोन वारस असेच वेगवेगळ्या दारांनी आले. ‘स्कोअर’ हाही नॉर्सच. मूळ अर्थ काठीवर कापलेली खाच. मेंढ्यांसारखी खिल्लारे मोजताना वीस झाले की काठीवर एक खाच पाडावयाची, यावरून वीस हा अर्थ आला असावा असा ऑक्सफर्ड कोशाचा तर्क आहे. आपल्या ‘कोडी’ची आठवण यावी. क्रिकेटच्या आरंभकाळी धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजीत. तेव्हा शिंपी शर्टासाठी कापड कातरतो असे म्हणताना त्या वाक्यात दोन चुलत भावंडे हजारो वर्षांनी एकत्र येतात, आणि ती परस्परांना ओळखत नाहीत.

मात्र व्युत्पत्ती कळली म्हणजे अर्थ कळला असेही नव्हे. ‘शिअर’च्या अर्थाचा प्रवास स्वतंत्रपणे पाहावा लागतो. स्कॉटलंडमध्ये हा शब्द विळ्याने पीक कापण्यासाठी वापरला जाई. तेथला ‘शिअरर’ म्हणजे कापणी करणारा. मराठीने येथे भेद केला: पीक कापावयाचे, लोकर कातरावयाची, सुपारी आणि कागद कातरावयाचे, वृत्तपत्रातील कात्रण मात्र कापून ठेवावयाचे! इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात ‘शिअर’ कापडाच्या संबंधात आला. विणलेल्या लोकरी कापडावरील लव जड हातकात्रीने एकसारखी छाटणे हे कुशल कारागिरांचे काम होते. हे काम करणारी यंत्रे आली तेव्हा त्या कारागिरांनी १८१२ मध्ये ती फोडली. लुडाइट चळवळीतील यॉर्कशरचे प्रकरण ते हेच. ऑस्ट्रेलियात लोकर कातरणारे मजूर हाच एक मोठा वर्ग बनला आणि क्वीन्सलंडमधील त्यांचा १८९१ चा संप त्या देशाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात गाजला. त्या देशाच्या बोलीत ‘शिअरर’ या शब्दाला जो भारदस्तपणा आहे, तो ‘*स्केर्’मधून काढता येणार नाही. तो त्या संपांतून आणि कातरणीच्या शेडांतून आला.

अर्थाचा सर्वांत दूरचा मुक्काम यामिकीत आहे, आणि तेथे मराठीपुढे खरोखरच एक प्रश्न उभा राहतो. भौतिकीत व अभियांत्रिकीत ‘शिअर’ म्हणजे, एकाच रेषेत नसलेली दोन समांतर बले विरुद्ध दिशांनी लागली असता पदार्थाचे थर परस्परांवरून सरकू पाहणे. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून तळहाताने एका बाजूस ढकलावा. पाने सरकतात, कॅट तिरका होतो, एकही पान कापले जात नाही. कापणे हा सरकण्याचा शेवट असू शकतो. सरकणे म्हणजे कापणे नव्हे. शास्त्रज्ञाने ‘शिअर’ शब्द घेतला तो कात्रीच्या परिणामावरून नव्हे, तर तिच्या पात्यांच्या हालचालीवरून.

हिंदीच्या परिभाषाकारांनी येथे ‘अपरूपण’ असा शब्द योजला. त्यात कात्री पार गेली आणि रूप बिघडणे तेवढे राहिले. मराठी शास्त्रीय लेखनात ‘कर्तन’वरून बनविलेले पर्याय आढळतात. ‘कर्तन’ व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष आहे, किंबहुना इंग्रजी शब्दाचा सख्खा आप्त आहे. पण नेमका तोच त्याचा दोष ठरला आहे. ‘कर्तन’ म्हणजे कापण्याची क्रिया, म्हणजे परिणाम. विद्यार्थी ‘कर्तन प्रतिबल’ वाचतो आणि काहीतरी तुटत असल्याचे चित्र मनात आणतो. जे तुटत नाही, नुसते तिरके होते, त्याचे गणित त्याला मग परके वाटते. आप्त शब्द सापडला म्हणजे पर्याय सापडला, या समजुतीने झालेली ही चूक होय. ध्वनिसाम्याच्या चुकीहून ती वरच्या इयत्तेतील आहे इतकेच.

‘कर्तन’ऐवजी ‘कर्तरी’ हे पूर्वपद अधिक योग्य ठरेल. ‘कर्तरी प्रतिबल’ म्हटल्याबरोबर क्रिया नव्हे तर हत्यार डोळ्यांपुढे येते. दोन पाती, एक इकडे, एक तिकडे, आणि मध्ये सापडलेला पदार्थ. व्याकरणातील ‘कर्तरी’शी घोटाळा होईल ही शंका फारशी टिकत नाही, कारण पुलाच्या तुळईचे गणित करताना प्रयोगविचार कोणाच्या मनात येत नाही. ‘कातर बल’ याहून सोपे झाले असते, पण ते ऐकून भित्र्या बलाची आठवण येईल.

बोलीने मात्र ही संकल्पना परिभाषाकारांच्या फार आधी नेमकी पकडली आहे. दोन बाजूंनी ओढाताण होऊन माणूस मध्येच अडकला, की तो ‘कात्रीत सापडला’ असे मराठीत म्हणतात. त्याचे दोन तुकडे झाले असा त्याचा अर्थ कोणीही करीत नाही.